सगळीच जनुके एकदम कशी तापली? माव्यातल्या बुख्नेराचे एक प्रकरण

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. नागपुरातली ती दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कूलरच्या घरघरीत दार ढकलून माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आत आली, लॅपटॉप उघडाच हातात.

"सर, आयबीपीए सव्वाशे पट वाढलंय!"

आयबीपीए हे माव्यातल्या एका जीवाणूचं जनुक. मावा तापवल्यावर ते किती पटीने जास्त चालू झालं, त्याचा हा आकडा. मी म्हटलं, बस आधी, पाणी पी. सव्वाशे पट हा आकडा ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का झाला नाही, आणि त्या आकड्याचं पुढे काय झालं, ते इथे सविस्तर मांडतो. आमच्याकडे अशी प्रकरणं प्रबंधाच्या मागच्या पानातही येत नाहीत. चूक निस्तरली की लोक ती विसरून जातात.

काय मोजायचे होते

हिवाळ्यात बरबटीच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि वालाच्या शेंगांवर काळा, चकचकीत मावा बसतो. एकाला एक चिकटून, शेंग दिसेनाशी होईल इतका दाट. खालच्या पानांवर चिकटा, त्यावर मुंग्यांची ये-जा. हा कीटक झाडाच्या अन्नवाहिन्यांमधला रस पिऊन जगतो. त्या रसात साखर ढीगभर, पण प्रथिने बांधायला लागणारी अत्यावश्यक अमिनो आम्ले फार थोडी. ती उणीव माव्याच्या शरीरातल्या खास पेशींमध्ये राहणारा एक जीवाणू भरून काढतो. त्याचे नाव बुख्नेरा ॲफिडिकोला. कीटकांच्या सहजीवी जीवाणूंवर आयुष्य घालवलेल्या पाउल बुख्नर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञावरून पडलेले. तो आईकडून पिल्लाला जन्माआधीच मिळतो. कीटकाबाहेर तो जगत नाही, बशीत वाढवता येत नाही. माव्याला तो हवा आणि त्याला मावा.

२००० साली जपानी संशोधकांनी मटारावरच्या माव्यातल्या बुख्नेराचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएतली सगळी अक्षरे, वाचून काढली. ६,४०,६८१ अक्षरजोड्यांचे एक वर्तुळाकार गुणसूत्र, सोबत दोन प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळी छोटी डीएनए-वर्तुळे, आणि प्रथिनांची जनुके जेमतेम ५८३. त्याचा नातलग, प्रयोगशाळांतला नेहमीचा जीवाणू ई. कोलाय, ४६ लाखांहून अधिक अक्षरजोड्या आणि चार हजारांवर जनुके बाळगून असतो. कोट्यवधी वर्षे बंद घरात राहून बुख्नेराने बाकीचे सामान टाकून दिले. गंमत म्हणजे टाकताना मालकाच्या, म्हणजे माव्याच्या, उपयोगाची अमिनो आम्ले बनवणारी जनुके राखली, आणि स्वतःची चालू-बंद करण्याची बटणे बरीचशी घालवली. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणारी जनुके आहेत. ती गरजेनुसार दाबून धरणारे ई. कोलायमधले नियंत्रक जनुक मात्र गायब.

मग प्रश्न असा उरतो: बटणे नसलेला हा जीवाणू उन्हाला काय उत्तर देतो? नागपूरच्या माणसाला हा प्रश्न सुचला नाही तरच नवल.

यावर आधीचे काम आहे आणि ते चांगले आहे. २००३ मध्ये नॅन्सी मोरान यांच्या गटाने बुख्नेराच्या सगळ्या जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणते जनुक किती चालू आहे आणि त्याची आरएनए-नक्कल किती निघते, एकाच वेळी मोजली. उष्णतेला उत्तर देणारी म्हणून ई. कोलायमध्ये ओळखली जाणारी विसाहून जास्त जनुके बुख्नेराकडे शिल्लक आहेत. मावा मरायला टेकेल इतकी उष्णता दिल्यावरही त्यांतली फक्त पाच हलली, आणि तीही थोडीशी. कारण शोधताना जनुकांच्या आधी असणारे उष्णतेचे प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारी बटणे, तपासले, तर बहुतेक झिजलेले किंवा नाहीसे झालेले. एके ठिकाणी तर प्रमोटर शाबूत होता, पण त्याच्यापुढची जनुके गुणसूत्राच्या जुन्या उलथापालथीत बदलून गेली होती. म्हणून उष्णता लागली की भलतेच, उष्णतेशी संबंध नसलेले जनुक वाढायचे, आणि एक निकामी झालेलेही. घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावावर वीजजोडणी तशीच राहावी आणि बटण दाबल्यावर नव्या भाडेकरूचा पंखा फिरावा, तसे.

२००७ मध्ये त्याच गटाने आयबीपीए या जनुकाची गोष्ट समोर आणली. हे जनुक उष्णतेत बिघडणाऱ्या प्रथिनांना सांभाळणारे एक छोटे प्रथिन बनवते. त्याच्या प्रमोटरमध्ये एकच अक्षर ओळीने पुन्हा पुन्हा येते. त्या ओळीतले एक अक्षर गळाले की उष्णतेला मिळणारे उत्तर जवळजवळ संपते. असा बुख्नेरा असलेल्या माव्याच्या पिल्लांना थोडा वेळ ऊन लागले, तर मोठेपणी त्यांना संतती फार थोडी होते किंवा होतच नाही. गार हवेत मात्र तोच मावा लवकर आणि जास्त पिल्ले देतो. शेतातल्या माव्यांतही हा बदल २० टक्क्यांपर्यंत सापडला होता. एका अक्षराची ही करामत वाचून माझी विद्यार्थिनी या विषयात पडली. तिचे चूक नव्हते. मीही पडलो असतो.

एका सहकाऱ्याने विचारले होते, नागपुरात राहून संत्र्यावरची सिट्रस सिला सोडून मावा कशाला? प्रश्न रास्त. सिलाच्या अंगातही असेच सहजीवी आहेत, आणि सिलांमधल्या कार्सोनेलाचा जीनोम २००६ मध्ये वाचला तेव्हा तो अवघा १,६०,००० अक्षरजोड्यांच्या आसपास निघाला होता. पण सिलाबरोबर ग्रीनिंग रोगाचा जीवाणूही येतो, आणि तो कुंडीत पाळायची जबाबदारी मला घ्यायची नव्हती. कपाशीवरची पांढरी माशीही नको म्हटली. तिच्यातल्या पोर्टिएराचा जीनोम इतर पांढऱ्या माश्यांच्या मानाने विस्कटलेला आहे: जनुकांचा क्रम उलटसुलट, मधल्या जागा लांबलेल्या, आणि डीएनए उतरवताना चुका दुरुस्त करणारे एक जनुक हरवलेले. शिकणाऱ्याने पहिल्यांदाच तिथे जाऊ नये. बुख्नेराचे तसे नाही. दोन वेगवेगळ्या माव्यांमधले बुख्नेरा २००२ मध्ये शेजारी ठेवून पाहिले, तर ५ ते ७ कोटी वर्षांत जनुकांचा क्रम जराही बदललेला नव्हता. आम्हाला याचा थेट उपयोग झाला. बरबटीवरच्या माव्यासाठी प्रायमर, म्हणजे हव्या त्या जनुकाला चिकटणारे डीएनएचे आखूड तुकडे, करताना कोणत्या जनुकाच्या शेजारी कोण, हे मटारावरच्या माव्याच्या नकाशावरून धरून चालता आले. अक्षरे वेगळी होती, तेवढी वाचून घ्यावी लागली.

नमुने कसे घेतले

नागपुरातल्या महाल भागात माझ्या विद्यार्थिनीच्या आजीच्या परसात बरबटीचा मांडव होता. पहिली वसाहत तिथली. बाकीच्या तीन कळमेश्वर रस्त्यावरच्या एका मावशीच्या वाडीतून आणल्या. "रोगट शेंडे फुकट घेऊन जा म्हणते मी, अन् पोरगी त्याला पिशवीत घालून कपाळाला लावते," असं त्या मावशी हसून म्हणाल्या होत्या.

प्रत्येक वसाहत कुंडीतल्या रोपावर जाळीखाली वेगळी वाढवली. जानेवारीत न तापवलेल्या माव्यांचे नमुने काढले. तापवायच्या माव्यांसाठी इनक्युबेटर लागणार होते, आणि ते तेव्हा दुरुस्तीला गेलेले. परत आले मार्चअखेर. ३८ अंशांवर चार तास ठेवलेल्या माव्यांचे नमुने त्यामुळे एप्रिलमध्ये निघाले. तोवर बाहेर मावा औषधालाही उरला नव्हता. कुंडीतल्यावरच सगळी मदार.

दोन खेपांमध्ये तीन महिन्यांचे अंतर. हे मी चालवून घेतले. पहिली चूक माझी, तिची नव्हे.

पद्धत नेहमीची. ओल्या कुंचल्याने तीस मावे उचलायचे, नळीत प्लास्टिकच्या मुसळीने चिरडायचे, त्या हिरवट-तपकिरी रबड्यातून आरएनए वेगळा करायचा. त्यात डीएनए राहून जातोच; तो डीएनेज नावाच्या विकराने खाऊन टाकायचा. मग उरलेल्या आरएनएची डीएनए-प्रत बनवायची आणि पीसीआरवर, म्हणजे डीएनए फेरीफेरीने दुप्पट करणाऱ्या यंत्रावर, मोजायचे. कमी फेऱ्यांत चमकले तर माल जास्त, जास्त फेऱ्या लागल्या तर कमी. एका फेरीचा फरक म्हणजे दुप्पट. या फेऱ्यांच्या आकड्याला आम्ही सगळे सीटी म्हणतो.

आरएनएची प्रत बनवताना एक गोष्ट पाळली होती. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये बहुतेक वेळा टी-अक्षरांची माळ असलेला प्रायमर असतो, कारण कीटकाच्या आरएनएला ए-अक्षरांची शेपटी असते. जीवाणूच्या आरएनएला तशी शेपटी नसते. तरीही बुख्नेराच्या बाबतीत हा प्रायमर अगदीच रिकाम्या हाताने परत येत नाही, हीच पंचाईत. त्याच्या जीनोममध्ये जी आणि सी ही अक्षरे फक्त २६ टक्के. बाकी सगळी ए आणि टी. म्हणजे जनुकाच्या मध्येच ए-अक्षरांच्या रांगा असतात आणि प्रायमर तिथे जाऊन चिकटतो. कुठे चिकटेल, किती चिकटेल, याचा भरवसा नाही. म्हणून सहा-सहा अक्षरांचे सरमिसळ प्रायमर वापरले. हे बरोबर केले.

जे केले नाही ते असे. प्रत्येक नमुन्याची एक जोडनळी ठेवायची असते, जिच्यात प्रत बनवणारे विकर घालायचेच नाही. तिच्यात काही चमकले तर ते आरएनए नसून उरलेला डीएनए. किट महाग, नळ्या दुप्पट लागणार, निधी संपत आलेला. "डीएनेज केलंच आहे ना, मग राहू दे," असे मीच म्हटले. शब्द मला आठवतात, कारण तिने ते वहीत लिहून ठेवले होते, तारखेसह.

तक्ता

तिने पाच जनुके निवडली होती. आयबीपीए आणि ग्रोईएल ही उष्णतेशी नाते सांगणारी. टीआरपीबी, आर्गएच आणि लियूए ही अमिनो आम्ले बनवणारी, म्हणजे उष्णतेशी देणे-घेणे नसावे अशी. माव्याचे स्वतःचे ॲक्टिन जनुक तुलनेसाठी. सगळ्या प्रायमरांची कार्यक्षमता आधी जुळवून घेतली होती.

न तापवलेल्या माव्यांत सरासरी सीटी अशी होती: ग्रोईएल १७.१, लियूए २१.५, टीआरपीबी २२.८, आर्गएच २३.९, आयबीपीए २५.२.

तापवलेल्यांत: ग्रोईएल १६.६, लियूए १७.३, टीआरपीबी १८.२, आर्गएच १८.३, आयबीपीए १८.३.

ॲक्टिन दोन्हीकडे २१.४ च्या आगेमागे. आयबीपीएमध्ये जवळपास ७ फेऱ्यांचा फरक, म्हणजे सुमारे सव्वाशे पट. म्हणून ती धावत आली होती.

मी तक्ता दोनदा वाचला. पहिल्यांदा आडवा, जसा ती वाचत होती. आर्गएच जवळपास ५० पट का वाढावे? आर्जिनीन बनवणाऱ्या जनुकाला उन्हाशी काय घेणे? २००३ च्या कामात विसातून पाच हलली होती. आमच्याकडे पाचातून पाच. त्यातही उष्णतेशी नाते सांगणारे ग्रोईएल सगळ्यांत कमी, जेमतेम दीडपट.

मग मी तापवलेल्या नमुन्यांचा एकच रकाना उभा वाचला: १८.२, १८.३, १८.३. न तापवलेल्यांत ज्या तीन जनुकांत अडीच फेऱ्यांचे अंतर होते, ती तिन्ही तापवल्यावर एका रेषेत येऊन उभी. जिवंत पेशीत असे होत नाही. वेगवेगळ्या जनुकांचा आरएनए वेगवेगळ्या प्रमाणात असतो, कमी-जास्त होतो, कुजतो. एका मापाने उभा राहणारा माल एकच: डीएनए. गुणसूत्रावर प्रत्येक जनुक एकदाच येते, म्हणून डीएनए मोजला की सगळ्यांची सीटी सारखी.

ग्रोईएलचे कोडेही त्यातच सुटले. हे बुख्नेरातले सर्वाधिक आढळणारे प्रथिन. त्याचा आरएनए आधीच भरपूर. भरलेल्या माठात तांब्याभर पाणी ओतले तर पातळी किती चढणार? आयबीपीएचा आरएनए थोडा, रिकाम्या वाटीसारखा. त्यात तेवढेच पाणी पडले आणि वाटी ओसंडली. जे जनुक जितके शांत, तितकी त्याची "वाढ" मोठी. तक्त्यातला क्रम तंतोतंत तसाच होता.

ती लगेच मानली नाही, आणि तिचा मुद्दा पक्का होता. "डीएनए राहिला असता तर ॲक्टिनही वाढलं असतं ना, सर? ते तर जागचं हललं नाही."

इथे मला तिचा प्रायमरांचा कागद मागावा लागला. ॲक्टिनच्या जोडीतला एक प्रायमर दोन तुकड्यांच्या सांध्यावर बसवलेला होता. कीटकाच्या जनुकात मध्ये मध्ये इंट्रॉन असतात. आरएनए तयार होताना ते कापून टाकले जातात आणि तुकडे जोडले जातात. सांध्यावर बसणारा प्रायमर आरएनएच्या प्रतीलाच चिकटतो, मूळ डीएनएत तो सांधा नसतोच. म्हणजे आमचा साक्षीदार प्रामाणिक होता, पण त्याला डीएनए दिसतच नव्हता. बुख्नेराच्या जनुकांत इंट्रॉन नाहीत. तिथे सांधा आणायचा कुठून? एका बाजूचा काटा फक्त आरएनए तोलत होता, दुसऱ्या बाजूचा दोन्ही.

बुख्नेराच्या बाबतीत हे इतके अंगावर का येते, यामागेही त्याच्या जीनोमची मांडणीच आहे. साध्या जीवाणूच्या पेशीत गुणसूत्राच्या एक-दोन, जोरात वाढत असेल तर आणखी थोड्या प्रती असतात. बुख्नेराच्या एका पेशीत गुणसूत्राच्या शंभराहून अधिक प्रती असतात. जपानमधल्या कोमाकी आणि इशिकावा यांनी हे १९९९ मध्ये दाखवले. जीनोम आखडून लहान झाला आणि प्रतींनी पेशी भरून गेली. अशा पेशी माव्याच्या खास पेशींमध्ये खच्चून भरलेल्या. तीस मावे चिरडल्यावर त्या रबड्यात बुख्नेराचा डीएनए किती असेल, त्याचा अंदाज करा. ई. कोलायबरोबर चालून जाणारी ढिलाई इथे चालत नाही.

कुपी

त्याच संध्याकाळी जोडनळ्या लावल्या. आठ नळ्या, विकराशिवाय. तापवलेल्या नमुन्यांत गुणसूत्रावरची चारही जनुके, ग्रोईएलसुद्धा, १८.३ वर उमटली. जानेवारीच्या नमुन्यांत ३३ पर्यंत काही नाही. मालाचा पत्ता लागला.

लियूएची नळी मात्र १७.४ वर उमटली, बाकीच्यांच्या जवळपास एक फेरी आधी. ती म्हणाली, "बघा, हे तर रेषेत नाही." मला उलट तिथेच खात्री पटली. ल्युसिन बनवणारी ही जनुके बुख्नेरात गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर बसलेली असतात, आणि प्लाझ्मिडच्या प्रती गुणसूत्राहून वेगळ्या हिशेबाने चालतात. आमच्या नमुन्यात त्या सुमारे दुप्पट होत्या, इतकेच. ट्रिप्टोफॅनचे कामही असेच वाटलेले आहे: दोन जनुके दुसऱ्या प्लाझ्मिडवर, टीआरपीबीसह बाकीची गुणसूत्रावर. ज्याला नकाशा माहीत नाही त्याला लियूएची एक फेरी म्हणजे उष्णतेचे उत्तर वाटले असते. नकळत आम्ही जीनोमची मांडणी मोजून ठेवली होती. अभिव्यक्ती मोजायची राहिली होती.

आता एप्रिलमध्ये डीएनेजने काम का केले नाही? आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांना मी फ्रीजर उघडायला सांगितले. विकरांचा डबा बाहेर काढला. डब्याच्या तळाशी बर्फाची तिरकी, काचेसारखी एकसंध लादी, आणि त्यात दोन कुप्या आडव्या रुतलेल्या. भुसभुशीत दव साचून असा बर्फ होत नाही. तो पाणी होऊन पुन्हा गोठला की होतो. भाऊ म्हणाले, "होळीच्या सुट्टीत लाइन गेली होती जी, दोन दिवस. मी आलो तं चालू होती, म्हणून सांगितलं नाही."

डीएनेजची कुपी बाहेरून जशीच्या तशी. ग्लिसरीनमुळे ती तशीही गोठत नाही, पाहून काहीच कळत नाही. आम्ही माव्याचा शुद्ध डीएनए घेतला, एका वाट्यात जुनी कुपी आणि दुसऱ्यात शेजारच्या विभागाकडून उसनी आणलेली नवी, आणि दोन्ही जेलवर चालवले. नव्या कुपीची रांग काळी, कोरी. जुन्या कुपीच्या रांगेत डीएनएचा पट्टा वर ठसठशीत. तिने त्या जेलचा फोटो काढला आणि बराच वेळ काही बोलली नाही. तीन महिन्यांचे काम होते.

पुन्हा

पुढचा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. या वेळी तापवलेले आणि न तापवलेले मावे एकाच दिवशी, एकाच कुपीतून, एकाच ताटलीवर. डीएनेज दोनदा. प्रत्येक नमुन्याला जोडनळी. तुलनेसाठी ॲक्टिनऐवजी बुख्नेराचीच दोन घरगुती, म्हणजे नेहमी साधारण सारखीच चालू असणारी, जनुके, कारण तापल्यावर माव्यात बुख्नेराची संख्याच घटली तर माव्याच्या जनुकाशी केलेली तुलना भलतेच सांगते.

निकाल बेताचा आला. टीआरपीबी, आर्गएच, लियूए अर्ध्या फेरीच्या आत जिथल्या तिथे. ग्रोईएल किंचित. आयबीपीए चारपैकी तीन वसाहतींत सुमारे दोन फेऱ्यांनी वर, म्हणजे चौपट. सव्वाशेवरून चार. तिचा चेहरा पडला. माझा नाही, आधीच्या कामाशी हे जुळत होते. अमिनो आम्लांची जनुके उन्हात हलली नाहीत यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. बुख्नेराला ती स्वतः सांभाळायची फारशी गरजही उरलेली नाही. कच्चा माल आत किती सोडायचा, हे काही अंशी माव्याच्या पेशीच ठरवतात. ग्लुटामिन आत नेणारे माव्याचे एक वाहक प्रथिन आर्जिनीन वाढले की आवरते घेते, असे मटारावरच्या माव्यात दिसले आहे. ल्युसिनसारख्या आम्लांची शेवटची पायरी तर बुख्नेराने सोडूनच दिली आहे. ती माव्याचे विकर पार पाडते. बटण आहे, पण ते शेजाऱ्याच्या भिंतीवर.

उरली चौथी वसाहत. कळमेश्वर रस्त्यावरची. तिच्यात आयबीपीए अजिबात वाढले नाही.

ज्याने २००७ चे काम वाचले आहे त्याला पुढे काय सुचेल ते सांगायला नको. एक गळालेले अक्षर! तिने दुसऱ्याच दिवशी त्या प्रमोटरचा तुकडा वाढवून वाचायला पाठवला. आलेख आला. सुरुवातीची शिखरे सुरेख, वेगळी. ए-अक्षरांची रांग लागली आणि तिथून पुढे शिखरे एकमेकांवर चढून नुसता चिखल. एकच अक्षर लांबवर पुन्हा पुन्हा आले की पीसीआरचे विकरही घसरते, कधी एक कमी उतरवते, कधी एक जास्त. जी रांग जीवाणूला चुकवते तीच यंत्रालाही चुकवते. उलट्या बाजूने वाचले, तेही तसेच.

ती म्हणाली, "सर, एक ओळ तरी लिहू? शक्यता म्हणून."

मी नाही म्हटले नाही. आधी इनक्युबेटरमध्ये थर्मामीटर ठेवून ये, एवढेच म्हटले. चार कुंड्या, दोन फळ्या. दुरुस्त होऊन आलेल्या त्या पेटीचा पंखा फिरत होता, पण नावापुरता. वरच्या फळीवर ३८. खालच्या फळीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे चौथी कुंडी तिन्ही वेळा ठेवली गेली होती, ३३. कुंडीचा आकार मोठा, वर मावत नव्हती, म्हणून. चौथी वसाहत लहान कुंडीत हलवून वर ठेवली, तर आयबीपीए तिच्यातही चढले, इतरांइतकेच.

प्रबंध मे महिन्यात गेला. पहिला, चुकलेला तक्ता गाळून टाक असे मी सुचवले होते. तिने ऐकले नाही आणि तो परिशिष्टात जोडनळ्यांच्या रकान्यासह छापला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमके तिथेच थांबले. नव्या निकालांवर त्यांनी दोन प्रश्न विचारले, परिशिष्टावर नऊ. ग्रोईएल दीडपटच का, हा पहिला. ती फळ्याकडे वळली, खडूने एक मोठे वर्तुळ काढले, त्यावर चार खुणा केल्या, आणि बाजूला एक छोटे वर्तुळ काढून त्यावर पाचवी.